परत येताना बघणाऱ्या बाई

जाताना बाई झपझप जात आणि येताना इतक्या रमतगमत येत, की बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक कंटाळून चहाला जायचे, परत यायचे, तरी आमच्या दारावरचा लाल दिवा लालच. मी चालण्याबद्दल बोलत नाही. परळच्या आमच्या हॉस्पिटलात बाई मोठ्या आतड्याची दुर्बीण करायच्या. लांब, लवचिक नळी, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. बाकीचे डॉक्टर ती आत घालताना घाम गाळायचे आणि टोक गाठलं की गड जिंकल्यासारखे भराभर बाहेर ओढायचे. बाईंचं उलटं. "जाणं म्हणजे नुसता प्रवास गं," त्या म्हणत. "बघायचं ते येताना." अख्खं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे सावकाशबाई म्हणायचं आणि त्यांना ते ठाऊक होतं. "काही वाईट नाव नाही," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या.

मी त्यांच्या खोलीतली सिस्टर, जाधव. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली आणि तोंडाने फटकळ, कारण आमच्याकडे नळावर गप्प उभ्या राहणाऱ्या मुलीची बादली कधी भरली नाही. बाई गिरगावच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलणं स्वच्छ आणि हळू. उंची इतकी बेताची, की टेबल गाठायला त्यांना लाकडी पाटावर उभं राहावं लागे. तो पाट टेबलापाशी मांडला की आमचा दिवस सुरू व्हायचा. बारा वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिले. खोटं कशाला बोलू, त्या बारा वर्षांत नवऱ्याचा चेहरा जेवढा पाहिला नसेल तेवढी लोकांची आतडी मी पडद्यावर पाहिली.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगते. आतड्याचं अस्तर चांगलं असलं की ओलसर, गुलाबी, तकतकीत दिसतं. बाळाच्या तोंडात आतून असतं तसं. त्यावर कुणाकुणाला कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, बाई कोंबच म्हणत. कधी मुगाच्या दाण्याएवढा वर आलेला, कधी दुधावर साय धरावी तसा चपटा. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं मुकाट बसून राहतो आणि त्यातल्या एखाद्याचा पुढे कॅन्सर होतो. वेळेवर दिसला तर तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढता येतो आणि माणूस संध्याकाळी घरी जाऊन वरणभात खातो. तेव्हा सगळा प्रश्न दिसण्याचा. बाईंचा संसार म्हणाल तर तो एवढाच होता.

आत जाताना त्या गुणगुणायच्या, मला कांद्याचा भाव विचारायच्या. टोकाला गेलं की "पोचलो" म्हणायच्या आणि तिथून पुढे खोलीत कुणी बोलायचं नाही. हा त्यांचा कायदा. "बोललं की डोळे कानाकडे जातात," असं त्यांचं म्हणणं. एका मोठ्या डॉक्टरांचा फोन मध्येच वाजला, तर बाईंनी मान न वळवता त्यांना बाहेर जायला सांगितलं होतं. मी खोलीतला दिवा मालवायची. मग एसीची घरघर, पडद्याचा उजेड आणि ती संथ सरकणारी गुलाबी वाट. वाटेत घड्या असतात, पडद्याला चुण्या पडाव्यात तशा. बाई प्रत्येक घडीमागे डोकावायच्या, पाणी सोडून धुवायच्या, परत डोकावायच्या. दुपारी तीनच्या सुमाराला मला वाटायचं, आपण कुठल्याशा पाण्यावरून होडीतून चाललोय, किनारा दिसत नाही आणि कुणाला घाईही नाही. तसली शांतता मला घरी, चाळीत, कुठेच मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच कामाला जायचे.

पोट साफ झाल्याशिवाय बाई दुर्बिणीला हात लावत नसत. आदल्या दिवशी औषधाची पावडर दोन लिटर पाण्यात घालून प्यावी लागते. खारट, आंबट, कसलीशी चव. कंपनी बदलली की बाई आधी स्वतः पेलाभर पिऊन बघत आणि तोंड वाकडं करून म्हणत, "आपण शिक्षा करतो लोकांना." पण सकाळी पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटी काय रंगाचं झालं? चहा, सरबत, की पाणी?" पुरुष माणसं लाजून भिंतीकडे बघायची. एकदा लालबागच्या एक आजी म्हणाल्या, "बिनदुधाचा चहा म्हणा, पण फिक्का." बाई म्हणाल्या, "आजी, पाणी होईपर्यंत बसा. चहाखाली चोर लपतात." आजी दिवसभर बसल्या, माझ्या डब्यातलं काही खाता येत नाही म्हणून मलाच चार शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी त्यांची दुर्बीण झाली.

पेशंटला थोडी गुंगी देतात. ती चढली की माणसं बोलायला लागतात, आणि ते बोलणं ऐकण्यासारखं असतं. कुणी गावच्या विहिरीत पोहत असायचं, कुणी मेलेल्या बहिणीला हाक मारायचं. एका म्हाताऱ्या गिरणी कामगारानं डोळे मिटूनच विचारलं, "भोंगा झाला काय?" गिरणी पडून तिथे काचेची इमारत उभी राहिली होती. बाई हळूच म्हणाल्या, "नाही अजून. झोपा निवांत." तो हसला आणि खरंच झोपला. कायदा आमच्यासाठी होता, स्वप्नात असलेल्या माणसासाठी बाई तो मोडत.

मग एका दिवाळीनंतर नवीन मशीन आलं. पडदा एवढा स्वच्छ, की अस्तरावरची केसासारखी शीर दिसावी. शिवाय दुर्बिणीवर एक बटण होतं, ते दाबलं की पांढरा उजेड जाऊन निळा-हिरवा उजेड यायचा. साध्या उजेडात चपटा कोंब गुलाबीत गुलाबी होऊन दडून बसतो. या उजेडात तो तपकिरी होतो, त्याच्या शिरा गडद होतात आणि तो वेगळा उठून दिसतो. बाईंनी या मशीनसाठी पाच वर्षं अर्ज केले होते. आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. म्हणाल्या, "जाधव, आता चपट्यांची खैर नाही."

पण महिन्या-दोन महिन्यांत बाई कुरकुरायला लागल्या. निळा उजेड लावायच्या आणि लगेच बंद करायच्या. "सगळं मातकट दिसतंय. कंपनीवाल्यांनी उगाच कौतुक केलं." कंपनीचा माणूस तीनदा आला, त्यानं पडद्याचा उजेड वाढवला, मग आणखी वाढवला. आम्हा बाकीच्यांच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं, तरी बाईंना तो कमीच. आम्ही सगळे मशीनला नावं ठेवत होतो. बाईंच्या नजरेवर शंका घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, माझी ड्यूटी होती. चाळीत पहाटेपासून लगबग, मी कोरी निळी साडी नेसून आले होते, ड्यूटीचे कपडे घालण्याआधी मुद्दाम बाईंना दाखवायला गेले. बाईंनी कौतुकानं पदर हातात घेतला आणि म्हणाल्या, "राखाडी शोभते गं तुला." माझं डोकंच फिरलं. आमच्या निळ्याला राखाडी! आजच्या दिवशी! गिरगावच्या बाईला एवढंही कळू नये? मी दिवसभर फुरंगटून काम केलं. रागात माणूस किती आंधळं होतं बघा. रंगाचा अपमान झाला एवढंच मला कळलं. त्यांना तो रंग दिसलाच नव्हता, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मे महिन्यात परबकाका आले. लालबागचे, बसचे रिटायर्ड कंडक्टर, बोलताना मालवणी मध्येच डोकं वर काढणार. त्यांची दुर्बीण चालू असताना उजवीकडच्या वळणावर, यकृताखाली आतडं वळतं तिथे, बाईंनी क्षणभर निळा उजेड लावला. आणि मला दिसलं. घडीच्या कडेला तपकिरी, नखाएवढं काहीतरी. मग फेस आला, बाईंनी पांढरा उजेड लावला आणि पुढे सरकल्या. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण येतानाची वेळ, बोलायचं नाही. आणि दुसरं, बाईंना दिसलं नाही म्हणजे ते नसणारच, फेसच असणार. मी फटकळ म्हणून सगळ्या हॉस्पिटलात बदनाम, आणि जिथे बोलायचं तिथे मिठाची गुळणी धरून उभी राहिले. परबकाकांना रिपोर्ट गेला: सगळं साफ.

आषाढ संपता संपता एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची दुर्बीण होती. तसाच निळा उजेड लागला आणि या वेळी चांगला रुपयाएवढा तपकिरी डाग पडद्यावर आला, आणि बाई त्याच्यावरून सरकून गेल्या. मला परबकाकांचं वळण आठवलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बाई, मागे जा."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई मागे गेल्या. "कुठे?"

"घड्याळात आठ वाजतात तिथे."

बाई बघत राहिल्या. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "मला काही दिसत नाही." आमच्याकडे डॉ. निखिल म्हणून शिकाऊ डॉक्टर होता, तो पलीकडे उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "आहे, मॅडम." बाई पाटावरून खाली उतरल्या. दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू काढ." कोंब निघाला. बाई अंधारात स्टुलावर बसून होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

त्याच दुपारी त्या खालच्या मजल्यावर डोळे दाखवून आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. मोतीबिंदू दुखत नाही. तो आधी निळा रंग खातो, आणि इतका हळू खातो की आपल्याला काही कमी दिसतंय हे माणसाला समजतच नाही. बाई मला म्हणाल्या, "जाधव, कधीपासून असेल?" मी साडीचं सांगितलं. "राखाडी म्हणाले मी? आणि तू काही बोलली नाहीस?" "राग आला होता," मी म्हटलं. "चांगला आला होता. बोलायचं होतंस." मग त्यांनी तो प्रश्न विचारला: "आज दिसलं तसं तुला आधी कधी दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं असेल? भीती, लाज, सगळंच. तोंडातून गेला शब्द, आणि मग परत घेता येईना.

बाईंनी रजिस्टर मागवलं. जयंती एप्रिलात, पण माझी कुरकूर त्याच्याही आधीची, म्हणजे मशीन आलं तेव्हापासून धरू, म्हणाल्या. रजिस्टरची चौदा पानं झाली. त्या चौदा पानांवरच्या प्रत्येक माणसाला परत बोलवायचं आणि फुकट दुर्बीण करायची, असं त्यांनी ठरवलं. हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, "बाई, बोभाटा होईल. तुमचं नाव काय राहील?" बाई म्हणाल्या, "नाव माझं आहे. आतडी त्यांची आहेत." साहेबांनी सही केली. दुर्बीण निखिलच्या हातात, बाई बाजूला स्टुलावर. मी आणि निखिल दिवसभर फोन लावत बसायचो. लोक कटकट करायचे, ती पावडर परत प्यायची म्हणून रडकुंडीला यायचे, पण येत होते. बहुतेकांचं सगळं स्वच्छ निघालं. दोघांच्या आतड्यात बारीक कोंब सापडले, काढले. प्रत्येक स्वच्छ रिपोर्टला बाई नुसत्या मान हलवत आणि पुढच्या नावावर बोट ठेवत. माझं लक्ष एकाच नावाकडे लागलेलं.

परबकाका येईनात. फोनवर म्हणाले, "माका काय एक जावक नाय. मी येवचंय नाय." चार वेळा तेच. शेवटी बाई म्हणाल्या, "चल, घरी जाऊन येऊ."

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. जिना अंधारा, बाई कठडा धरून एकेक पायरी पायानं चाचपत चढल्या. काकींनी पाणी दिलं, चहा टाकला. काका खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तीस वर्षं तिकिटं फाडली मी. एकदा पंच झालेलं तिकीट परत कोण पंच करत नाय. मे महिन्यात तुम्हीच सांगितलात, साफ आहे. आता तुम्हीच सांगता, परत या. मी कुठल्या बाईवर विश्वास ठेवायचा?"

"दुसरीवर," बाई म्हणाल्या. "पहिलीला नीट दिसत नव्हतं."

काकी चहाचं आधण विसरून बाहेर आल्या. काका जरा नरमले, पण हट्ट जाईना. "दिसत नव्हतं म्हणून काय झालं? नव्हतंच कायतरी, तर दिसणार काय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "काका, होतं. मला दिसलं होतं. उजव्या वळणावर, नखाएवढं. मी बोलले नाही. बाईंनी विचारलं तेव्हाही खोटं बोलले."

आत चहा उतू गेला, त्याचा वास आला. काकी मला म्हणाल्या, "काय गो बाय, अशी कशी तू?" त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि तेच जास्त लागलं. काका म्हणाले, "गणपती झाल्यावर येतंय." बाई म्हणाल्या, "गणपतीच्या आधी या." "लालबागचो माणूस गणपतीत हॉस्पिटलात? नाय हो. विसर्जन झाला की तिसऱ्या दिवशी. शब्द आहे." त्यांच्या शब्दावर आम्ही उठलो.

परत येताना मसाल्याच्या दुकानांवरून आलो. मिरच्या कुटत होते. आम्ही दोघी शिंकून शिंकून बेजार. मला वाटत होतं, आता बोलतील, आता झोडपतील. एवढं तरी करावं त्यांनी. बाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "भूक लागली," आणि बटाटेवडा घेतला, अर्धा मला दिला. मी तो कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

ते गणपतीचे दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. सगळ्या परळ-लालबागला ढोल वाजत होते आणि मला वाटायचं, आत त्या वळणावर ते बसलंय, वाढतंय. मे ते सप्टेंबर. चार महिने माझ्या गप्प बसण्याचे. त्याच दिवसांत बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी त्यांना गिरगावात घरी सोडायला गेले, तर म्हणाल्या, आधी चौपाटीवर चल. आम्ही वाळूत बसलो. भरती होती, ऊन कलतं होतं. त्या एक डोळा मिटून बघायच्या, मग दुसरा मिटून बघायच्या. पुन्हा पुन्हा. "जाधव, आकाश एवढं निळं होतं? की मी आत असताना तुम्ही लोकांनी रंगवलं?" लहान मुलीसारख्या हसत होत्या. मग एकाएकी हसू थांबलं आणि म्हणाल्या, "जगाला जुन्या वर्तमानपत्रासारखा रंग आला होता, आणि मला वाटत होतं मशीन खराब आहे." काळोख होईपर्यंत आम्ही तिथे बसलो. पाण्याचा निळा जाऊन करडा, मग काळा होईपर्यंत त्या बघत होत्या. मला वाटलं आता विचारतील. नाही विचारलं.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी परबकाका आले. काकी बरोबर, चेहरा उतरलेला. पावडर प्यायलेली, रंग पाणी. गुंगी चढली आणि काका थेट आपल्या बसमध्ये जाऊन उभे राहिले. "पुढे चला, पुढे चला. दारात उभे राहू नका." निखिल टोकाला पोचला. मी दिवा मालवला. बाई स्टुलावर. परतीची वाट सुरू झाली. निळा-हिरवा उजेड आमच्या सगळ्यांच्या कपड्यांवर पडलेला, पडद्यावर हळूहळू सरकणाऱ्या घड्या, आणि झोपेत काका एकेक थांबा पुकारतायत, "भोईवाडा... नायगाव... उतरून घ्या." वळण आलं. निखिल धुवत होता. घड्या स्वच्छ. एक, दुसरी. तिसरीच्या मागे कडा दिसली.

"थांब," मी म्हटलं आणि त्याच क्षणी बाईंचाही आवाज आला. "थांब."

तो तिथेच होता. तपकिरी, चपटा, आता नखापेक्षा मोठा. बाई उठून पडद्याजवळ गेल्या आणि नव्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. निखिलनं त्याच्याखाली सुईनं पाणी सोडून तो अस्तरापासून उचलला, फासात धरला, काढला. तासभर लागला. काका गुंगीतच म्हणाले, "झाला काय? डबल बेल द्या," आणि आम्ही अंधारात हसलो. मी हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या आवाजात कुणाला कळलं नसेल असं समजत होते, पण बाईंनी हातमोजा काढून माझ्या पाठीवर हात ठेवला.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. कोंब कॅन्सरकडे पालटायला लागला होता, पण मुळाशी गेला नव्हता. सगळा निघाला होता. आणखी वर्षभर तसाच राहिला असता तर काय, ते निखिलनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. काकी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. मला वेगळी पुडी दिली. म्हणाल्या, "बोललंस ता बरा केलंस." मी त्यांच्या पाया पडले. पाया पडणारी नाही मी, तरी पडले.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. बाईंना सगळं लख्ख दिसायला लागलं, आम्हा सगळ्यांपेक्षा लख्ख. पण त्यांनी दुर्बीण परत हातात घेतली नाही. निखिलनं विनवलं, साहेबांनी विनवलं. बाई म्हणाल्या, "आता दिसतंय हे खरं. पण दिसत नव्हतं तेव्हाही मला दिसतंयच वाटत होतं ना." निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं त्या स्टुलावर बसून शिकवत राहिल्या. जुना कायदा त्यांनी स्वतः मोडला. नवा कायदा असा, की येताना ज्याला जे दिसेल त्यानं ते त्याच क्षणी मोठ्यानं सांगायचं, मग तो झाडूवाला का असेना. खोलीतली ती जुनी शांतता गेली. मला तिची आठवण येते, खोटं नाही सांगत, पण परत नको.

आता आणखी नवीन मशीन आलंय. शंका आली की ते स्वतःच पडद्यावर हिरवी चौकट काढतं आणि टिंग वाजवतं. कधी उगाच वाजवतं, फेसालाही कोंब म्हणतं, नवे डॉक्टर वैतागतात. मला ते आवडतं. त्याला कुणाचा आदर नाही, कुणाची भीती नाही, हेच त्याचं बरं. घडीमागचं मात्र त्यालाही दिसत नाही. तिथे माणसालाच सावकाश डोकावावं लागतं. बाई गेल्या वर्षी गेल्या. झोपेत, आपल्या स्वभावाला शोभणार नाही इतक्या झटपट. चौदा पानांवरची कितीतरी माणसं गिरगावात आली होती. परबकाका काठी टेकत, चार जिने चढून वर आले होते.

एक सांगायचं राहिलं. परबकाकांचा रिपोर्ट आला त्या दुपारी बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. नाव, वय, काय दिसलं, काय केलं आणि शेवटी शेरा, असे त्यात रकाने. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: "मे महिन्यातल्या तपासणीत हा माझ्या नजरेतून निसटला." खाली सही केली. मी बाजूला उभी होते. म्हटलं, "बाई, 'आमच्या' लिहा. मीही होते तिथे."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. इतके दिवस ज्याची मी वाट बघत होते ते त्या आता बोलल्या, आणि आवाज नेहमीसारखाच होता, हळू.

"तुझ्या नजरेतून कुठे निसटला? तुला दिसला होता. तू बोलली नाहीस." त्यांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्या हातात दिलं. "त्याला रकाना नाही, जाधव. ते तू लक्षात ठेव."

मी ठेवलं आहे.